सर्रा रोगाच्या निदानकसोट्यांची तुलना : सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या संदर्भात एक चिकित्सा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते व यात्रेला लागूनच घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबी, सिंधी अशा नाना जातींची जनावरे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या राज्यांतून येथे येतात आणि सौदा झाला की पुन्हा चहूदिशांना पांगतात. गिऱ्हाईक घोड्याची परीक्षा करते ती दात पाहून, चाल पाहून, कानांची ठेवण व अंगावरील भोवरे पाहून. या परीक्षेत पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण आहे, यात संशय नाही. परंतु घोड्याच्या रक्तात काय आहे हे भोवऱ्यांवरून कळत नाही. आणि सर्रा हा रोग रक्तातील आहे.

या रोगाच्या निदानासाठी निरनिराळ्या कसोट्या उपलब्ध आहेत आणि त्यांची आपापसांत तुलना करणारे वाङ्मयही विपुल आहे. या वाङ्मयाचा घाट बहुधा ठरलेला असतो. काही घोड्यांचे रक्त घ्यावयाचे, त्यावर तीन-चार कसोट्या लावावयाच्या, त्यांपैकी एक प्रमाण मानून उरलेल्यांची संवेदनक्षमता व विशिष्टता शेकडेवारीत काढावयाची आणि अखेर अमुक कसोटी ‘सर्वांत चांगली’ असा निर्वाळा द्यावयाचा. प्रस्तुत निबंधात प्रश्न उपस्थित करावयाचा आहे तो या निर्वाळ्याविषयी. कोणाकरिता चांगली? कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चांगली? सारंगखेड्यासारख्या बाजारात उभे राहून पाहिले असता या प्रश्नांना बगल देणे कठीण जाते.

रोगाच्या नावापासून आरंभ करणे अप्रस्तुत होणार नाही. काही इंग्रजी कोशांत ‘सर्रा’ या शब्दाचे मूळ मराठी ‘सूर’, म्हणजे नाकपुड्यांतून वाहणारा श्वास, असे दिलेले आढळते. दुसऱ्या मताप्रमाणे तो हिंदी ‘सडा’ या शब्दाचा अपभ्रंश असून, झिजून, सडून गेलेले जनावर असा त्याचा अर्थ होतो. रोगाचे स्वरूप पाहता हे दुसरे मतच अधिक सयुक्तिक वाटते. कारण श्वासाचा आवाज हे या रोगाचे मुख्य लक्षण नव्हे. अधूनमधून उलटणारा ज्वर, रक्तक्षय, पोटाखाली व पायांवर उतरणारी सूज, वैरण-चंदी व्यवस्थित खात असूनही दिवसेंदिवस खंगत जाणारे अंग आणि अखेरीस मागील पायांचे लुळेपण, असा त्याचा क्रम असतो. तथापि मराठी शब्दाला जागतिक पशुवैद्यकात स्थान मिळाल्याचा मान कोशकारांनी देऊ केला आहे, तो नाकारण्याची घाई करण्याचेही कारण नाही.

रोगाचा कारक म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा कशाभिकाधारी आदिजीव. १८८० साली लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माइलखान येथे आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तो पाहिला आणि निरोगी जनावराला ते रक्त टोचून रोग उत्पन्न करून दाखविला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा हा पहिलाच ज्ञात ट्रिपॅनोसोम होय. त्यापूर्वी टिमथी लुइस यांना उंदरांच्या रक्तात अशाच प्रकारचे जीव आढळले होते व ते निरुपद्रवी होते. त्यामुळे इव्हान्स यांचे म्हणणे त्या वेळच्या अधिकाऱ्यांना पटले नाही. रक्तात परोपजीवी दिसणे आणि तोच रोगाचे कारण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांचा आक्षेप तत्त्वतः बरोबरच होता. इव्हान्स यांचे मोठेपण हे की त्यांनी आक्षेपाला प्रयोगाने उत्तर दिले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध पुण्यामुळे येतो. १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्राचा दीर्घ अभ्यास केला व १८९३ साली मुंबईहून त्यांचा त्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. परोपजीवी आज रक्तात दाटीने दिसतो, चार दिवसांनी शोधूनही सापडत नाही व पुन्हा ज्वराबरोबर प्रकट होतो, ही गोष्ट त्या आरंभीच्या अभ्यासकांच्याही ध्यानात आलेली होती. आजच्या सर्व कसोट्यांचे गुणदोष या एका लपंडावातून निर्माण झाले आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या लपंडावाचे कारण आता ज्ञात आहे. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एका विशिष्ट शर्कराप्रथिनाचे दाट आवरण असते. घोड्याचे शरीर त्या आवरणाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते व बहुतेक परोपजीवी मारले जातात. परंतु त्यांतील मूठभर तोपर्यंत वेगळे आवरण घालून बसलेले असतात. त्यांची वाढ होते, नवी लाट येते, शरीर पुन्हा नवी प्रतिद्रव्ये बनविते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, परोपजीवीला प्रत्यक्ष पाहू इच्छिणारी कसोटी लाटेच्या माथ्यावर यशस्वी होईल व दोन लाटांमधील दरीत फसेल. दुसरी, प्रतिद्रव्ये शोधणारी कसोटी दरीतही यशस्वी होईल, पण रोग बरा झाल्यावरही कित्येक महिने तेच उत्तर देत राहील. या दोन प्रकारच्या कसोट्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत म्हणून अनेक निबंधांत खेद व्यक्त केलेला असतो. वस्तुतः ते जुळले असते तरच आश्चर्य मानावे लागले असते.

आता एकेका कसोटीकडे वळू. सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, किंवा त्याचे पातळ लेपन करून ते गिम्सा रंजकाने रंगविणे. तिचे वैशिष्ट्य असे की ट्रिपॅनोसोम दिसला तर वाद उरत नाही. परंतु तो दिसण्यासाठी दर मिलिलिटर रक्तात सुमारे १ लाख परोपजीवी असावे लागतात. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ३५० किलोग्रॅम वजनाच्या घोड्याच्या अंगात सुमारे २८ लिटर रक्त असते. त्याच्या दर मिलिलिटर रक्तात १,००० परोपजीवी आहेत असे धरले, तर त्या एका घोड्याच्या रक्तात २ कोटी ८० लाख ट्रिपॅनोसोम फिरत असतील. आणि तरीही काचपट्टीवरील २ मायक्रोलिटरच्या थेंबात सरासरीने ते केवळ दोनच येतील. थेंबाची सगळी क्षेत्रे कोणी पाहत नाही. कागदावर ‘परोपजीवी आढळला नाही’ असा शेरा पडतो व बाजारात त्याचा अर्थ ‘घोडा निर्दोष आहे’ असा घेतला जातो. एक वाक्य प्रयोगशाळेचे आहे, दुसरे दलालाचे; या दोहोंमधील अंतर दाखविण्याची जबाबदारी मात्र प्रयोगशाळेची आहे.

१९७० साली वू यांनी प्रचारात आणलेली केशिकानलिकेची पद्धत ही या जुन्या कसोटीची फार मोठी सुधारणा होय. बारीक नलिकेत रक्त भरून ते केंद्रोत्सारी यंत्रात फिरविले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर रक्तद्रव राहतो आणि दोहोंच्या सीमेवर श्वेतपेशींचा पातळ थर जमतो. ट्रिपॅनोसोम या थराजवळ गोळा होतात व नलिका तशीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता वळवळताना दिसतात. दर मिलिलिटरला शंभराच्या आसपास परोपजीवी असले तरी ही कसोटी त्यांना पकडते. म्हणजे लेपनाच्या मानाने ती सुमारे हजारपट तीक्ष्ण आहे. शिवाय त्याच नलिकेवरून रक्तक्षयाचे प्रमाणही मोजता येते, हा लाभ काही कमी नव्हे. यंत्र लहान असते व विद्युत्पुरवठा असला की ते यात्रेच्या मैदानातही चालते. अडचण एकच, पण ती खरी आहे : रक्त काढल्यापासून थोड्याच तासांत ट्रिपॅनोसोम मरू लागतात आणि मेलेला ट्रिपॅनोसोम वळवळत नाही. सारंगखेड्यास घेतलेले रक्त दुसऱ्या दिवशी दूरच्या शहरात पाहावयाचे असेल तर या कसोटीचा काही उपयोग नाही. तौलनिक निबंधांतून रक्त किती वेळाने तपासले याचा उल्लेख पुष्कळदा नसतो. हा तपशील वगळल्यावर उरलेल्या शेकडेवारीला कितपत किंमत द्यावी, हा प्रश्नच आहे.

त्याच वर्षी लॅनहॅम व गॉडफ्री यांनी सेल्युलोजच्या विद्युत्भारित स्तंभातून रक्त गाळून ट्रिपॅनोसोम वेगळे काढण्याची रीत दिली. ती याहूनही तीक्ष्ण आहे. मात्र तिला कसबी हात व वेळ दोन्ही लागतात. उंदराला रक्त टोचून त्याचे रक्त पुढे काही आठवडे पाहत राहणे ही पद्धत तर जवळजवळ अचूक, कारण सर्राचा परोपजीवी उंदरात झपाट्याने वाढतो. परंतु उंदराचा निकाल येईपर्यंत बाजार उठून गेलेला असतो, घोडा विकला गेलेला असतो आणि प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीचे निर्बंधही आता योग्य कारणांसाठीच कडक झाले आहेत. ती संशोधनाच्या कामाची कसोटी आहे, बाजाराच्या नव्हे. जुन्या पिढीतील पशुवैद्य वापरीत त्या फॉर्मॉल-जेल व मर्क्युरिक क्लोराइड या रासायनिक कसोट्यांचा येथे केवळ उल्लेख पुरेसा आहे. त्या रक्तरसातील ग्लोब्युलिनांची वाढ दाखवितात, रोग नव्हे. उंटांत त्यांनी काही काळ काम दिले, घोड्यांत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

प्रतिद्रव्यांच्या कसोट्यांमध्ये पत्त्यावरील समूहन कसोटीचा विचार विस्ताराने केला पाहिजे, कारण मैदानात नेता येणारी ती प्रमुख कसोटी आहे. अँटवर्प येथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ती विकसित झाली व १९८८ मध्ये बाजियाना सोंगा आणि हामर्स यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली. रोटॅट १.२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवरणप्रकाराचे ट्रिपॅनोसोम स्थिर करून, निळे रंगवून, सुकवून ठेवलेले असतात. पत्त्यावर त्यांचा एक थेंब व घोड्याच्या विरल केलेल्या रक्तरसाचा एक थेंब मिसळून पाच मिनिटे फिरविले असता, प्रतिद्रव्ये असतील तर निळ्या गुठळ्या दिसतात. हा आवरणप्रकार संसर्गाच्या आरंभीच्या लाटांत बहुधा प्रकट होत असल्याने बहुतेक बाधित जनावरांत त्याची प्रतिद्रव्ये सापडतात, अशी या कसोटीमागील कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे, पण ‘बहुधा’ व ‘बहुतेक’ हे शब्द विसरता कामा नयेत. केनियात असे ट्रिपॅनोसोम आढळले आहेत की ज्यांच्याजवळ या आवरणाचे जनुकच नाही. त्यांनी बाधित झालेले जनावर या पत्त्यावर निर्दोष ठरते. उलटपक्षी गुठळी झाली किंवा नाही हे डोळ्यांनी ठरवावयाचे असल्याने अंधुक गुठळी एकाला होकारार्थी तर दुसऱ्याला नकारार्थी वाटते. शिवाय विरलन किती केले यावर निकाल फिरतो. या शेवटच्या मुद्द्याचे अत्यंत बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे व ते घोड्यांचे नसून माणसांचे आहे.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. माणसाच्या रक्तरसातील एक प्रथिन या परोपजीवीला ठार करते, म्हणून मनुष्याला सर्रा होत नाही असेच तोवर मानले जाई. या रुग्णाच्या रक्तात ते प्रथिन, अपोलिपोप्रोटीन एल-१, कार्यक्षम स्वरूपात नव्हतेच, असे पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. या घटनेनंतर त्याच्या गावातील १,८०६ लोकांची तपासणी याच पत्त्याच्या कसोटीने करण्यात आली. संपूर्ण रक्तावर ४१०, म्हणजे शेकडा २२.७ लोक होकारार्थी निघाले. रक्तरसावर पुन्हा तपासता ही संख्या ८१ वर आली. त्यांपैकी ज्यांचा रक्तरस अधिक विरल करूनही होकारार्थी राहिला अशा ६० जणांच्या रक्तात परोपजीवी शोधला असता एकाच्याही रक्तात तो सापडला नाही.

या तीन आकड्यांपैकी खरा कोणता? एका अर्थी तिन्ही खरे आहेत. रोगाच्या माशा या गावात माणसांनाही चावत होत्या व परोपजीवी त्यांच्या रक्तात शिरत होता, हे ८१ या आकड्यावरून अनुमानता येते. आणि तो तेथे तग धरीत नव्हता, हे शून्यावरून. चूक झाली असती ती ४१० लोकांना रोगी म्हटले असते तर; किंवा शून्यावर बोट ठेवून गावात काहीच घडले नाही असे म्हटले असते तर. संबंधित संशोधकांनी या दोन्ही चुका टाळल्या. घोड्यांच्या कसोट्यांची तुलना करणारांनी हा संयम अवश्य अभ्यासावा.

एलायझा कसोटीत निकाल डोळ्यांऐवजी यंत्र वाचते व एका वेळी पुष्कळ नमुने तपासता येतात. त्यामुळे पाहणीच्या कामी ती श्रेष्ठ होय. पण यंत्र केवळ रंगाची तीव्रता सांगते. कोणत्या तीव्रतेपुढे ‘बाधित’ म्हणावयाचे ती रेषा माणसानेच ओढावयाची असते. ही रेषा सर्रामुक्त देशांतील घोड्यांच्या रक्तरसावरून ओढली तर ती फार खाली येण्याचा संभव असतो. कारण तेथील घोड्यांना गोचिडे, गोमाशा व त्यांच्याद्वारे येणारे नाना संसर्ग आपल्या इकडच्या घोड्यांइतके भोवत नाहीत. तापीकाठच्या घोड्याच्या रक्तरसात इतर कितीतरी प्रतिद्रव्ये आधीच असतात. रेषा इकडच्याच निरोगी घोड्यांवरून ओढावी, तर सर्राप्रवण प्रदेशात निःसंशय निरोगी घोडा आणावयाचा कोठून? ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर रामबाण उपाय नाही. पण आपण रेषा कोणत्या घोड्यांवरून ओढली, एवढे तरी निबंधकाराने स्पष्ट लिहावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. येथेच हेही नमूद केले पाहिजे की समागमातून पसरणाऱ्या डूरीन रोगाचा ट्रिपॅनोसोम सर्राच्या ट्रिपॅनोसोमशी इतका निकट आहे की पूरक-बंधन कसोटी या दोहोंत भेद करू शकत नाही. पैदाशीच्या घोड्याच्या बाबतीत या संदिग्धतेची किंमत मोठी असते.

राहिली पीसीआर. परोपजीवीच्या जनुकद्रव्यात सुमारे दहा हजार वेळा पुनरावृत्त झालेला एक तुकडा आहे. त्यावर आधारलेली चाचणी एका ट्रिपॅनोसोमचा अंशही ओळखू शकते, आणि तो जिवंत असण्याची गरज नसल्याने शोषकागदावर वाळविलेले रक्तही चालते. या तीक्ष्णतेमुळे अलीकडच्या बहुतेक निबंधांत पीसीआरला अंतिम प्रमाणाचे स्थान मिळाले आहे. हे स्थान तिला बिनशर्त द्यावे काय? ज्या नळीत ट्रिपॅनोसोमचा अंशही आलेला नाही तिच्यात दहा हजार पुनरावृत्तींचाही उपयोग होत नाही. जुनाट रोगात परोपजीवी रक्तातून जवळजवळ नाहीसा होऊन ऊतकांत व मेंदूच्या परिसरात दडून राहतो. त्या काळातील घोड्याचे २०० मायक्रोलिटर रक्त पीसीआरला दिले असता तिचे नकारार्थी उत्तर त्या थेंबापुरते सत्य असेल, घोड्यापुरते नव्हे. तीक्ष्ण सुईने गवताच्या गंजीतील दुसरी सुई सापडतेच असे नाही.

येथवरच्या विवेचनावरून तौलनिक वाङ्मयातील मुख्य दोष कोठे आहे हे ध्यानी येईल. लेपन प्रमाण मानले की पीसीआरने पकडलेले जास्तीचे बाधित घोडे ‘खोटे होकारार्थी’ ठरतात व चांगली कसोटी वाईट दिसते. पीसीआर प्रमाण मानली की पत्त्याची कसोटी वाईट दिसते. कारण ती बऱ्या झालेल्या व दडलेल्या अशा दोन्ही संसर्गांना ‘होय’ म्हणते. कोणत्याही एका कसोटीत बाधित निघालेला तो बाधित, अशी व्याख्या केली तर प्रत्येक कसोटी स्वतःच्याच साक्षीवर निर्दोष सुटते. कोणतीही एक कसोटी प्रमाण न मानता सर्वांच्या निकालांवरून संसर्गाचे प्रमाण अनुमानण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आता रूढ होत आहेत, व तो मार्ग अधिक प्रामाणिक आहे. परंतु त्याही पद्धती सामान्यतः असे गृहीत धरून चालतात की कसोट्या परस्परांपासून स्वतंत्रपणे चुकतात. पत्त्याची कसोटी व एलायझा दोन्ही प्रतिद्रव्यांवरच उभ्या आहेत. एक जेथे फसेल तेथे दुसरी फसण्याचा संभव अधिक. दोन भावांची साक्ष दोन परक्यांच्या साक्षीइतकी मानता येत नाही.

दुसरा दोष घोड्यांच्या निवडीचा. कसोट्यांचे मूल्यमापन बहुधा दवाखान्यात आणलेल्या, ज्वराने व सुजेने त्रस्त झालेल्या घोड्यांवर होते आणि तेथील शेकडेवारी निरोगी दिसणाऱ्या घोड्यांच्या बाजारास जशीच्या तशी लावली जाते. एक उदाहरण कल्पून पाहू. एका कसोटीची संवेदनक्षमता शेकडा ९५ व विशिष्टता शेकडा ९० आहे असे समजा. दवाखान्यातील १०० आजारी घोड्यांपैकी ६० खरोखर बाधित असतील तर ती ५७ खऱ्यांना व ४ खोट्यांना ‘होय’ म्हणेल; तिच्या होकारावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. तीच कसोटी बाजारातील १,००० घोड्यांना लावली व त्यांत २० बाधित असले, तर ती १९ खऱ्यांबरोबर ९८ निरोगी घोड्यांनाही ‘होय’ म्हणेल. म्हणजे ‘होय’ ठरलेल्या ११७ घोड्यांपैकी सुमारे सोळा टक्केच खरे रोगी. कसोटी बदललेली नाही, तिचे गुणही बदललेले नाहीत. बदलली आहे ती जागा.

या ९८ घोड्यांच्या मालकांचा विचार प्रयोगशाळेच्या वाङ्मयात सहसा येत नाही. वर्षभर खरारा करून, कर्ज काढून चंदी घालून, शेकडो कोस वाहतूक करून आणलेले जनावर ‘सर्राचे’ म्हणून गाजले की त्याचा भाव त्याच संध्याकाळी कोसळतो व पुढे दुसरा निकाल काही आला तरी तो परत चढत नाही. उलट बाजूने पाहिले तर सुटून गेलेला एक बाधित घोडाही क्षुल्लक नव्हे. तो ज्या गावी जाईल तेथे गोमाशा आहेत, गाईम्हशी आहेत. गोमाशी एका जनावराला चावताना हुसकली गेली की लगेच दुसऱ्याला चावते व सोंडेवरचे ओले रक्त त्याच्या अंगात टोचते. संक्रमणाची ही रीत लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ सालीच प्रयोगाने दाखविली होती. गाईम्हशींत रोग पुष्कळदा सौम्य राहतो, म्हणून त्या वर्षानुवर्षे त्याचा साठा बनून राहतात. घोड्यात मात्र उपचार न झाल्यास तो बहुधा प्राणघातक ठरतो.

काळाचा मुद्दा तर सारंगखेड्याच्या संदर्भात फारच महत्त्वाचा आहे. गोमाशांचा जोर पावसाळ्यात व त्याच्या उतारास असतो. नदीकाठच्या ओल्या चिखलात त्यांच्या अळ्या वाढतात. भाद्रपद-आश्विनात बाधा झालेला घोडा मार्गशीर्षात बाजारात येतो तेव्हा रोगाला दोन-तीन महिने झालेले असतात. पहिल्या उंच लाटा ओसरलेल्या असतात. जो घोडा त्यात दगावला तो बाजारात येतच नाही. जो आला तो तगलेला, आणि म्हणूनच रक्तात थोडे ट्रिपॅनोसोम बाळगणारा. म्हणजे लेपनाची कसोटी जेथे सर्वांत दुबळी, नेमका तोच काळ व तोच घोडा या बाजारात तिच्यापुढे येतो. तरीही सोयीची म्हणून तीच बहुतेक ठिकाणी वापरली जाते.

घोड्याच्या रक्तातील दुसऱ्या एका रोगाचा, पायरोप्लाझ्मोसिसचा, इतिहास येथे बोधप्रद आहे. त्यातही ज्वर व रक्तक्षय असतो, त्यामुळे तो सर्राशी गोंधळला जातो. आणि त्यातील थाइलेरिया इक्वी हा परोपजीवी घोड्यात दीर्घकाळ, कित्येकदा जन्मभर, दडून राहतो. आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी पूर्वी पूरक-बंधन कसोटी प्रमाण मानीत. परंतु जुने वाहक तिच्यातून सुटत, आणि औषधोपचारानंतर ती काही काळ नकारार्थी येई. परिणामी बाधित घोडे निर्दोष म्हणून देशोदेशी गेले. पुढे अप्रत्यक्ष प्रदीपन कसोटी व स्पर्धात्मक एलायझा यांनी तिची जागा घेतली. बाजारातला माणूस कसोटी जशी असेल तसे वागावयास शिकतो, ही गोष्ट कोणत्याही शेकडेवारीत मांडता येत नाही. सर्राच्या बाबतीतही क्विनापायरामीनची मात्रा देऊन रक्त तात्पुरते स्वच्छ करणे शक्य आहे. त्यानंतर काही दिवसांत पीसीआर व केशिकानलिका दोन्ही नकारार्थी येतील. प्रतिद्रव्यांची कसोटी मात्र होकारार्थीच राहील. प्रतिद्रव्य-कसोटीचा जो दोष म्हणून सांगितला जातो, तोच येथे तिचा गुण ठरतो. उलट, दवाखान्यात उपचार झालेला घोडा बरा झाला की नाही हे पाहावयाचे असेल तर तीच कसोटी निरुपयोगी आणि पीसीआर उपयोगाची.

तेव्हा ‘सर्वांत चांगली कसोटी कोणती’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या क्रमाने कोणती’ हा प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. सारंगखेड्यापुरते बोलावयाचे तर मैदानातच केशिकानलिका व पत्त्याची कसोटी अशा दोन्ही एकाच रक्तावर कराव्यात. पत्त्याची कसोटी संपूर्ण रक्तावर न करता रक्तरसावर करावी. त्याच रक्ताचे ठिपके शोषकागदावर घेऊन पीसीआरसाठी दूरच्या प्रयोगशाळेकडे, प्रसंगी १९८५ पासून हिसार येथे असलेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे, पाठविता येतील. नलिकेत परोपजीवी दिसलेला घोडा रोगी होय; त्यावर उपचार व्हावेत व तो हलवू नये. पत्त्यावर होकारार्थी पण नलिकेत नकारार्थी निघालेल्या घोड्याला रोगी म्हणू नये आणि निर्दोषही म्हणू नये. त्याला माशांपासून जपून, पूर्वी औषध दिले होते काय याची चौकशी करून, काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. या तिसऱ्या वर्गाला कागदोपत्री जागाच नसते. दाखल्यावर ‘होय’ व ‘नाही’ असे दोनच रकाने छापलेले असतात.

या क्रमावर आक्षेप येईल, व तो रास्त आहे, की सौदा एका दुपारी होतो. काही आठवडे थांबावयास कोण तयार आहे? थांबण्याचा खर्च आज सर्वस्वी विक्रेत्यावर पडतो, आणि म्हणूनच तो आपले जनावर रक्त काढावयास पुढे करीत नाही. ज्या घोड्याचे रक्त काढलेच गेले नाही त्याच्या बाबतीत साऱ्या कसोट्यांची संवेदनक्षमता सारखीच, म्हणजे शून्य असते. पुनर्तपासणीच्या काळातील चंदीचा व ठाणाचा भार यात्रेच्या व्यवस्थेने उचलला, तर किती घोडे तपासणीला येतात व त्यांत किती तिसऱ्या वर्गात पडतात, ही पाहणी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन हंगामांत करता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी नवीन कसोटी लागणार नाही. घोड्याचे वय, आलेला प्रांत, मागील उपचार व रक्त काढल्यापासून तपासणीपर्यंत गेलेला वेळ, एवढे चार रकाने मात्र वहीत आखून घ्यावे लागतील.